एका मिलिमीटरचा कारभार

घरातला सोलापुरी टर्किश टॉवेल खिडकीपाशी न्या. ऊन बाजूने, अगदी आडवं पडेल असा धरा आणि सराफाकडे असतं तसल्या दहापट भिंगातून बघा. रोज अंग पुसायच्या त्या कापडावर दोऱ्याच्या कमानींचं रान उभं दिसेल. प्रत्येक कमानीतून सुटलेले कापसाचे तंतू माणसाच्या केसाहूनही बारीक. कमानींच्या बुडाशी मात्र सगळं ताठ आणि शिस्तीत. टॉवेलला ताणे, म्हणजे उभे धागे, दोन असतात, एक घट्ट ओढलेला आणि दुसरा सैल सोडलेला. माग दोन आडवे धागे थोडे लांबच टाकून ठेवतो आणि तिसरा पडला की फणी तिन्ही धागे मिळून पुढे ठोकते. घट्ट ताणा जागचा हलत नाही. सैल ताण्याला जायला जागाच उरत नाही, म्हणून तो वर उचलला जातो. त्याचीच कमान होते. कारखान्यात माग धडधडताना हे दिसत नाही. भिंगाखाली तयार टॉवेल ठेवला की उलगडतं.

आता याच टॉवेलचा फोटो काढा. कमानींचे शेंडे धारदार आले तर बुडाची वीण पुसट येईल, आणि वीण पकडली तर शेंडे धुक्यात जातील. मॅक्रो फोटोग्राफीची खरी मेहनत इथे आहे. मोठं करून दाखवणं आता पोरखेळ झालाय, पण मोठं केलेलं धारदार ठेवायला जागा मिळते जेमतेम एक मिलिमीटर. लेन्स, फ्लॅश, स्टँड, सॉफ्टवेअर ही सगळी खटपट त्या मिलिमीटरसाठी.

१:१ म्हणजे नेमकं काय

फोनच्या खोक्यावर ‘मॅक्रो’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. मॅक्रोचं माप सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पाटीवर होतं. वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडली तर ते १:१. पिकावरची मावा कीड खाणारा लाल ढालकिडा साधारण ६ मिलिमीटरचा असतो. १:१ ला त्याची प्रतिमाही ६ मिलिमीटरचीच. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, म्हणजे किडा चौकटीच्या रुंदीचा सहावा भाग व्यापतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर आडव्या रांगेत ६,००० पिक्सेल असतात, त्यातले १,००० किड्याच्या वाट्याला. थोडक्यात, वस्तूच्या एका मिलिमीटरमागे सुमारे १६७ पिक्सेल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फुलपाखराच्या पंखावरची भुकटी म्हणजे कौलांसारखे एकावर एक बसवलेले खवले. एक खवला साधारण ०.१ मिलिमीटर लांब, म्हणून १:१ ला त्याला १६-१७ पिक्सेल मिळतात. कौलं आहेत एवढं कळतं, कौलावरच्या रेघा कळत नाहीत. त्यासाठी २:१ च्या पुढे जावं लागतं आणि तिथे मिलिमीटरसुद्धा पुरा मिळत नाही.

कुठल्या साधनाने जवळ जायचं

फोनपासून सुरुवात करायला हरकत नाही. पण स्वस्त फोनमधला वेगळा २ मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो कॅमेरा’ विसरा. तो बहुधा चार सेंटिमीटरवर कायमचा रोखलेला असतो आणि तपशील धरत नाही. त्यापेक्षा दहापट भिंग मुख्य कॅमेऱ्याला चिकटवून धरा. दहापट भिंगाचं केंद्रांतर (फोकल लेंथ) २५ मिलिमीटर असतं, म्हणून वस्तूही भिंगापासून अडीच सेंटिमीटरच्या आसपास लागते. मुख्य कॅमेऱ्यातून साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंदीची जागा दिसेल. तेच भिंग तिप्पट झूमच्या कॅमेऱ्यावर धरलं तर जेमतेम सव्वा सेंटिमीटर. इथे फोन एक लबाडी करतो. उजेड कमी वाटला की तो झूमचा कॅमेरा गुपचूप बंद करतो आणि मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून दाखवतो. झूमच्या लेन्सवर बोट ठेवून बघा. पडदा काळा झाला नाही तर तुम्ही फसलात. भिंग तीन काचांचं घ्या, एका काचेच्या भिंगात कडांना जांभळी-हिरवी किनार येते.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर मॅक्रो लेन्सशिवायही तीन वाटा आहेत.

पहिली एक्स्टेंशन ट्यूबची. ही काच नसलेली पोकळ नळी लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसते. हिशोब सोपा आहे, नळीची लांबी भागिले लेन्सचं केंद्रांतर. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ३६ आणि १२ च्या नळ्या जोडल्या की ४८ भागिले ५०, म्हणजे जवळपास १:१. विद्युत संपर्काचे ठिपके असलेल्याच नळ्या घ्या. बिनसंपर्काच्या प्लास्टिक नळीतून कॅमेरा लेन्सशी बोलू शकत नाही, आणि आजच्या बहुतेक लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, मग बदलता येत नाही.

दुसरी वाट लेन्स उलटी बसवायची. रिव्हर्स रिंग स्वस्त मिळते आणि लेन्सचा आकडा जितका लहान तितकं मोठं दिसतं. पण लेन्सची नाजूक मागची काच उघडी पडते, ॲपर्चरचा ताबा जातो आणि किड्याच्या फार जवळ जावं लागतं. घरात टेबलावर ठीक.

तिसरी वाट झूम लेन्सच्या तोंडावर क्लोज-अप लेन्स लावण्याची. इथलं गणित डायॉप्टरचं, म्हणजे चष्म्याच्या नंबराचं. अधिक ८ ची लेन्स म्हणजे १२५ मिलिमीटर केंद्रांतर, रेनॉक्स डीसीआर-२५० त्यातलीच. २०० मिलिमीटर झूमवर लावली तर २०० भागिले १२५, म्हणजे १.६ पट, आणि किड्यापासून अंतर सुमारे साडेबारा सेंटिमीटर. उजेड कमी होत नाही. झूम मागे घेतला तर मात्र कोपरे काळे पडतात. सोलापूरच्या रानात आमची पसंती हिलाच. नळी लावायची म्हणजे सेन्सर उघडा करावा लागतो. उन्हाळ्यात काळ्या रानाची माती वाऱ्याबरोबर उडत असताना ते करणं म्हणजे पुढच्या सगळ्या फोटोंवर ठिपके ओढवून घेणं. ही लेन्स पुढून बसते, सेन्सरला हात लागत नाही.

खरी मॅक्रो लेन्स घ्यायचीच असेल तर १०० मिलिमीटरच्या आसपासची घ्या. १:१ ला किडा आणि लेन्सचं तोंड यांत १३-१५ सेंटिमीटर राहतात. ६० च्या लेन्समध्ये हे अंतर बरंच कमी होतं, लेन्सची सावली किड्यावर पडते आणि तो उडतो.

मिलिमीटर येतो कुठून

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ॲपर्चर एफ/८ ठेवलं (एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक) तर धारदार पट्ट्याची जाडी अशी येते: अर्ध्या मापाला सुमारे २.९ मिलिमीटर, १:१ ला ०.९६, २:१ ला ०.३६. शेवटची जाडी म्हणजे झेरॉक्सचे साडेतीन कागद. तेही नेहमीच्या आकाराचा फोटो नेहमीच्या अंतरावरून बघितला तर. पडद्यावर पुरा मोठा करून बघाल तर पट्टा आणखी पातळ निघेल.

मग ॲपर्चर एफ/२२ करून टाकू, असं प्रत्येकाला वाटतं. इथेच बहुतेक जण फसतात. १:१ ला लेन्स सेन्सरपासून एवढी लांब जाते की सेन्सरवर चौथा हिस्साच उजेड पोचतो, आणि लिहिलेला एफ आकडा प्रत्यक्षात दुप्पट होतो. एफ/२२ म्हणजे एफ/४४. एवढ्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो. सुईच्या टोकाएवढा बिंदू मग सेन्सरवर दहा पिक्सेलचा डाग होऊन पडतो. पट्टा जाड होतो, पण त्यातलं सगळं सारखंच मऊ. माशीच्या पायावरचे काटे लोकरीसारखे दिसायला लागले की समजा, भोक फार बारीक झालंय. १:१ ला एफ/८ ते एफ/११, २:१ ला एफ/५.६ च्या आसपास थांबा. (निकॉनच्या कॅमेऱ्यावर निकॉनचीच मॅक्रो लेन्स असेल तर पडद्यावर हा वाढलेला आकडाच दिसतो. लेन्स बिघडलेली नसते.)

पट्टा जाड होत नसेल तर वस्तू पट्ट्यात बसवायची. पंख मिटून रुईच्या पानावर बसलेलं प्लेन टायगर फुलपाखरू म्हणजे जवळजवळ सपाट कागद. कॅमेऱ्याची पाठ पंखांना समांतर केली तर एका मिलिमीटरमध्ये अख्खा पंख येतो. दहा अंश जरी तिरपं झालं तरी एक कड गेली. पैसे न लागणारा एवढा मोठा उपाय दुसरा नाही, आणि हाच सगळ्यात जास्त विसरला जातो.

सपाट नसलेल्या जिवाचा डोळा पकडायचा, बाकीचं सोडून द्यायचं. खंडोबाचा किडा बघा. त्याच्या हिरव्या डोळ्यात काळी बाहुली दिसते आणि तुम्ही जिकडे सरकाल तिकडे ती वळते. प्रत्यक्षात बाहुली नसतेच. हजारो बारीक डोळ्यांचा मिळून तो डोळा बनलेला असतो. त्यातले जे नेमके तुमच्या दिशेने रोखलेले असतात ते आत आलेला उजेड गिळून टाकतात, म्हणून काळे दिसतात. तो काळा ठिपका धारदार आला की फोटो जमला, मग पाय पुसट असोत.

हात, वारा आणि फ्लॅश

मॅक्रोमध्ये फोटो बिघडतो तो बहुधा पुढे-मागे होण्याने. श्वास घेतला तरी शरीर दोन-तीन मिलिमीटर डोलतं आणि आपला पट्टा एकच मिलिमीटरचा. ऑटोफोकस बंद करा, हवं ते मोठेपण लेन्सवर ठरवून टाका, मग अंगानेच हळू पुढे सरका आणि डोळा धारदार होतोय असं दिसताच पाच-सहा फोटो ओळीने काढा. एखादा लागतो. त्याहून चांगली युक्ती म्हणजे डाव्या हाताच्या दोन बोटांत किडा बसलेली काडी अलगद धरायची आणि लेन्स त्याच हातावर टेकवायची. मग काडी आणि कॅमेरा बरोबरच हलतात.

वाऱ्याचा हिशोब आता त्या १६७ पिक्सेलवरून करू. हलक्या झुळुकीत काडी सेकंदाला फक्त दोन सेंटिमीटर सरकली असं धरा. १/२०० सेकंदात ती ०.१ मिलिमीटर जाईल, म्हणजे सतरा पिक्सेलची फरपट. आता फ्लॅश. हाताने १/१६ पॉवरवर ठेवलेल्या नेहमीच्या फ्लॅशचा झोत सुमारे १/१०,००० सेकंद टिकतो. तेवढ्यात काडी पिक्सेलभरही सरकत नाही. फ्लॅशचं मोल उजेडापेक्षा या क्षणिकपणात जास्त आहे. सुरुवातीला एम (मॅन्युअल) मोड, १/२००, एफ/८, आयएसओ २००, फ्लॅश १/१६ एवढं लावा आणि पुढची घट-वाढ फक्त फ्लॅशने करा.

उघडा फ्लॅश मात्र भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग उठवतो. त्यावर पडदा हवा. कपाटातला बटर पेपर पुरतो. वहीच्या पानाएवढे दोन थर, मध्ये तीन-चार सेंटिमीटरचं अंतर, आणि पडदा किड्यापासून दहा सेंटिमीटरवर. एक सेंटिमीटरच्या किड्याला तो ढगाळ आभाळाएवढा वाटतो. तपासायला स्टीलचा चमचा घ्या. चमच्याच्या फुगीर पाठीचा फोटो काढा. उजेडाचं प्रतिबिंब मोठं आणि सगळीकडे सारखं आलं तर पडदा जमला. मध्ये झगझगीत ठिपका दिसला तर थरांमधलं अंतर वाढवा.

मागचं सगळं काळंकुट्ट येतंय ही तक्रारही नेहमीची. फ्लॅश किड्यापासून दहा सेंटिमीटरवर आणि मागचं पान फ्लॅशपासून चाळीसवर असेल तर पानाला उजेडाचा सोळावा भाग मिळतो, मीटरभर लांब असेल तर शंभरावा. किड्यामागे पाच-सात सेंटिमीटरवर एखादं वाळकं पान उभं करा, रात्र संपते.

फ्लॅश नको असेल तर थंडीतली सकाळ, सात ते साडेआठ. गारठ्यात कीटक सुस्त असतात आणि वाराही पडलेला असतो. फ्रिजमध्ये किडा ठेवून सुस्त करायची टूम कुठेकुठे दिसते. किड्याच्या जिवाचं तर सोडाच, फोटोतही चोरी उघडी पडते, कारण पाय आत वळलेले आणि मिशा लोंबलेल्या असतात.

रंग कुठे असतो

वहीत ठेवलेलं मोरपीस काढा. मॅक्रोमध्ये डोळ्यासारख्या ठिपक्यावरचा प्रत्येक तंतू मण्यांच्या सरीसारखा दिसेल. उजेडाची बाजू बदला, निळ्याचा हिरवा होईल. आता पिसामागे दिवा धरा. सगळी झळाळी जाऊन तपकिरी पीस उरेल. त्यात निळा-हिरवा रंग घातलेलाच नसतो. असतं ते मेलॅनिन, म्हणजे आपल्या काळ्या केसातलंच द्रव्य, बारीक कांड्यांच्या रूपात जाळीसारखं रचलेलं. कांड्यांमधलं अंतर निळ्या भागात सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५०, पिवळ्यात १६५. एवढ्याशा फरकाने परतणारा रंग बदलतो. कांड्या मॅक्रोने दिसणार नाहीत, पण त्यांचा परिणाम दिसतो. त्यासाठी फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला घ्यावा लागतो. समोरून मारला की पीस खेळण्यातलं वाटतं.

मृगाच्या किड्याची गोष्ट उलटी. ७ जूनच्या आसपास मृग लागतो आणि पहिल्या दमदार सरीनंतर काळ्या मातीवर ही लाल मखमल चालायला लागते. नाव किड्याचं, पण पाय आठ, म्हणजे तो कोळ्याच्या कुळातला. इथे रंग खराखुरा आहे आणि दाट केसांनी तो मखमली होतो. फोटोत मात्र लाल डांबराचा गोळा येतो. काळ्या मातीमुळे कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि लाल रंग भरून सांडतो. एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा, हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, एकटा लाल बघा आणि उजेड टॉवेलसारखाच आडवा टाका. मग केस सुटे होतात.

किड्याला थांबायला सांगता येत नाही. टॉवेल, पीस, बी अशा निश्चल वस्तूंसाठी मात्र फोकस स्टॅकिंग आहे. फोकस थोडाथोडा सरकवत फोटो काढायचे आणि हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरमध्ये त्यांचे धारदार भाग जोडायचे. १:१ ला एफ/५.६ वर पट्टा ०.६७ मिलिमीटरचा येतो. त्याच्या निम्म्याने, म्हणजे ०.३३ ने सरकलं तर आठ मिलिमीटर खोलीला साधारण २४-२५ फोटो लागतात. सरक पट्ट्याएवढीच ठेवली तर जोडात पुसट पट्टे उमटतात. झेरीनमध्ये दोन रीती आहेत. एकावर एक आलेल्या केसांना, तंतूंना पीमॅक्स, गुळगुळीत पृष्ठभागाला डीमॅप. उलट केलं तर केसांभोवती धुरकट वलय येतं.

डाळिंबवाल्यांना यातलं बरंच रोजच्या कामाचं आहे. पानावरचा तेल्या रोगाचा डाग समोरून नुसता तपकिरी दिसतो, उजेडासमोर धरला की त्याची ओलसर, पारदर्शक कड दिसते. कृषितज्ज्ञाला फोटो पाठवायचा तर तसाच पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा, म्हणजे १:१ ला १६७ पिक्सेलची कुसळ. त्याच्या पंखांना असलेली केसांची झालर बघायची तर ३:१ लागतं.

कणसावरचा थेंब

रब्बीची ज्वारी डिसेंबरच्या सुमारास फुलते तेव्हा पहाटे शेतात जावं. कणीस शेंड्याकडून खाली फुलत येतं, चार-पाच दिवस लागतात. म्हणून कालची फुलं वर, उद्याची खाली आणि आजचा पट्टा मधे. कॅमेरा त्या पट्ट्यावर रोखा. फुलोऱ्यातली कणिशकं जोडीने असतात, एक बिनदेठाचं, ज्यात दाणा भरतो, आणि एक देठाचं, बहुधा परागापुरतंच. बिनदेठाच्यातून पिसासारखे दोन तुरे बाहेर येतात आणि बारीक दांड्यांवर परागकोश लोंबतात. फुलं रात्री उघडायला लागतात, सूर्योदयाच्या सुमारास ऐन भरात असतात, आणि ऊन चढलं की परागकोश सुकतात.

त्याच वेळी पानांच्या कडेला दव असतं. थेंबामागे हातभर अंतरावर फुललेलं कणीस असेल तर ते थेंबात उलटं दिसतं. ते चित्र थेंबाच्या आत आहे असं वाटतं आणि तिथे फोकस करून सगळे फसतात. पाण्याचा गोल थेंब भिंगासारखं काम करतो. लांबच्या वस्तूचं चित्र त्याच्या मध्यापासून एका व्यासाएवढं अलीकडे, म्हणजे थेंबाच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या बाजूला हवेत तयार होतं. दोन मिलिमीटरच्या थेंबाची गोल कड आणि त्यातलं कणीस यांत असं दोन मिलिमीटरचं अंतर पडतं. १:१ ला आपला पट्टा एकाचाच. दोन्ही हवं असेल तर दोन फोटो काढून जोडा, एक कडेवर आणि एक त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडे. एकच काढायचा तर कणीस धारदार घ्या, कड मऊ राहू द्या. जे काय करायचं ते नऊच्या आत, नंतर थेंब राहत नाही.